टायर नवे, काम अर्धवट: टायरच्या दुकानातल्या सेवेचं परीक्षण

चार नवे टायर, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) अशी तिन्ही कामं एकाच छताखाली करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानाचं हे परीक्षण आहे. दुकानाचं नाव देत नाही. इथे सांगितलेल्या चुका कुठल्याही टायरच्या दुकानात होऊ शकतात, आणि त्या ओळखता येणं नावापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

मालाबद्दल फारशी तक्रार नाही. टायर नामांकित कंपनीचे होते, यंत्रं नवी होती, जागा स्वच्छ होती. तरीही पाचपैकी दोनच तारे. काउंटरवरचं तुटक बोलणं एक वेळ सोडून देता येईल. खरी अडचण अशी की प्रत्येक तांत्रिक प्रश्नाला ‘सगळं बरोबर आहे, काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळत होतं, आणि जिथे जिथे ते उत्तर मिळालं तिथेच काम कच्चं निघालं. टायरच्या कामात चांगली सेवा म्हणजे दाखवणं: तारखेचा आकडा दाखवणं, यंत्राची स्क्रीन दाखवणं, आधीचे आणि नंतरचे कोन छापून हातात देणं. दाखवायची तयारी नसेल तर तिथे काहीतरी राहिलेलं आहे असं धरूनच चालावं.

टायर रिमवर चढण्याआधी

गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर माप होतं २०५/५५ आर१६ ९१व्ही. यातले २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजू, १६ म्हणजे इंचात रिमचा व्यास. शेवटच्या ‘९१व्ही’कडे बहुतेक गिऱ्हाइकांचं लक्ष जात नाही आणि दुकानदाराला ते माहीत असतं. ९१ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. दुकानाने आधी पुढे केले ते ९१एच, म्हणजे २१० किलोमीटरचे. ‘इतक्या वेगाने कोण चालवतं?’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. पण हे अक्षर फक्त वेगाचं नसतं. टायर किती उष्णता सोसतो, याची ती परीक्षा असते आणि बांधणीही त्यानुसार ठरते. गाडीच्या कंपनीने व्ही सांगितला असेल तर व्ही किंवा त्यावरचा घ्यावा, आणि भाराचा आकडा तर कधीच खाली येऊ देऊ नये. आग्रह धरल्यावर अर्ध्या तासात व्ही टायर गोदामातून आले. म्हणजे ते होतेच.

आता तारीख. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. चारपैकी तीन टायर एकाच सुमाराचे होते, चौथा मात्र जवळजवळ दोन वर्षं जुना. नीट साठवलेला दोन वर्षांचा टायर लगेच बाद होतो असं नाही. पण नव्याच्या किमतीला तो घ्यायचा का, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, आणि ठरवायला आधी कळायला तर हवं. इथे एक बारकावा आहे. पूर्ण तारीख बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली की जॅक लावून गाडीखाली शिरल्याशिवाय आकडे दिसत नाहीत. त्यामुळे चारही टायर जमिनीवर आडवे असतानाच तारखेचे फोटो काढून घ्यावेत. ‘चढवल्यावर बघा ना’ या सूचनेला नकार द्यावा.

नक्षीच्या दिशेचंही तसंच. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर ‘बाहेरची बाजू’ असा शिक्का असतो. एकही टायर उलटा चढला तर पावसात पाणी बाहेर फेकायची त्याची क्षमता घटते आणि आवाज वाढतो. या बाबतीत दुकानाचं काम बरोबर होतं.

चढवताना

बिलात चार नव्या व्हॉल्व्हची, म्हणजे हवा भरायच्या नळ्यांची, रक्कम लावलेली होती. चाकांवर नवे व्हॉल्व्ह दोनच निघाले. हे पाहायला कुठलंही साधन लागत नाही: व्हॉल्व्ह अंगठ्याने बाजूला वाकवायचा आणि रिममधून तो बाहेर येतो तिथलं रबर पाहायचं. जुन्या रबराला तिथे बारीक आडव्या चिरा दिसतात, नवं रबर गुळगुळीत आणि गडद काळं असतं. रबरी व्हॉल्व्ह ही चाकातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि टायर उतरलेला असतानाच ती बदलता येते. नंतर गळायला लागली तर टायर पुन्हा रिमवरून सोडवावा लागतो. चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो बहुधा व्हॉल्व्हच्या मागेच बसलेला असतो. अशा चाकात टायरची कड सोडवणारं यंत्र व्हॉल्व्हपासून लांब लावावं लागतं, नाहीतर सेन्सर मोडतो. काम सुरू होण्याआधी ‘सेन्सर आहे’ असं जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्यावं आणि डॅशबोर्डवर आधीपासून दाबाचा दिवा लागलेला नाही हे दाखवून ठेवावं. नंतरचा वाद तिथेच मिटतो.

टायरची कड रिमवर नीट बसली आहे का, हे तपासायलाही डोळे पुरतात. रिमला लागून टायरवर एक बारीक उंचवट्याची गोल रेघ असते. ती रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती आत बुडालेली दिसली तर कड पूर्ण बसलेली नाही, आणि असं चाक कितीही बॅलन्स केलं तरी उड्या मारणार. कारण बहुधा एकच, कडेला साबणी पेस्ट लावलेली नसते. कोरड्या कडेवर हवेचा जोर वाढवत नेणं धोक्याचं आहे. कड बसवताना ४० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) वर जाऊ नये, अशी टायर कंपन्यांची सर्वसाधारण सूचना असते. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून बसवायची.

नट: इथे एक तारा गेला

चारही चाकांचे नट हवेच्या इम्पॅक्ट गनने थेट आवळले. मग एक मुलगा टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, आवाज करणारा पाना) घेऊन आला, प्रत्येक नटावर एकदा ‘टक’ असा आवाज काढला आणि जॉबकार्डवर टॉर्क तपासल्याची खूण केली. पाहणाऱ्याला हे फार शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात त्या आवाजाला काही अर्थ नाही. रेंच ११० न्यूटन मीटरवर लावला असेल आणि नट आधीच २०० ला आवळलेला असेल, तरीही रेंच लगेच ‘टक’ करणार. नट ढिला असेल तर रेंच ते पकडतो, जास्त आवळलेला असेल तर ते त्याला कळतच नाही. खूण ओळखायची ती अशी: रेंचखाली नट थोडा फिरला आणि मग आवाज आला तर काम बरोबर. नट जराही न हलता आवाज आला तर गनने आधीच जास्त आवळलेलं असण्याची शक्यता मोठी.

जास्त आवळल्याने काय बिघडतं? स्टड (नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) ताणले जातात आणि पुढे कधीतरी तुटतात. रिमचं नटाचं बसकं खराब होतं. ब्रेकच्या डिस्कवर असमान दाब पडून ती किंचित तिरकी होते आणि ब्रेक दाबला की पायाला थरथर जाणवते. शिवाय रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या छोट्या पान्याने तो नट सुटत नाही. रात्रीच्या वेळी हे किती महाग पडतं ते वेगळं सांगायला नको.

बरोबर पद्धत लांबलचक नाही. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढायचा, कारण गंजाचा थर मागे राहिला तर तो नंतर दबतो आणि नट ढिले पडतात. नट हाताने निदान तीनचार फेरे बसवायचे, म्हणजे आटे वाकडे धरले जात नाहीत. मग समोरासमोरच्या, चांदणीच्या क्रमाने हलकेच आवळायचे. गाडी खाली उतरवून चाक जमिनीला जेमतेम टेकलं की टॉर्क रेंचने त्याच क्रमाने शेवटचा आवळ. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच प्रवासी गाड्यांत तो ९० ते १४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण अंदाजावर जाऊ नये. आट्यांना ग्रीस लावायचं नाही, त्याने त्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो. या दुकानात हब घासला गेला नाही आणि चांदणीचा क्रमही पाळला गेला नाही, नट गोल फिरत एकामागोमाग आवळले गेले. याबद्दल विचारल्यावर ‘आमचं रोजचं काम आहे’ हे उत्तर मिळालं. सर्वात जास्त खटकलं ते हेच.

नट पुन्हा सोडून नियमाप्रमाणे आवळून द्या, असं सांगायचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे. पाच नटांच्या चार चाकांना यासाठी पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

बॅलन्सिंग

गाडी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास गेली की स्टिअरिंग थरथरत होतं, ११० च्या पुढे कमी होत होतं. ठरावीक वेगाच्या पट्ट्यात येणारी आणि जाणारी अशी थरथर हे चाकाच्या असमतोलाचं ठळक लक्षण आहे. स्टिअरिंगला जाणवली तर पुढचं चाक, सीटला आणि पायाखाली जाणवली तर मागचं. आणि ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर चाक सोडून डिस्क पाहायची.

तक्रार घेऊन गेल्यावर पहिलं उत्तर आलं, ‘नवे टायर आहेत, सवय व्हायला वेळ लागतो.’ यात अर्धं सत्य आहे. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश असतो, त्यामुळे पहिले काहीशे किलोमीटर पकड थोडी कमी वाटते आणि जपून चालवायला सांगतात. पण थरथर त्या काळात ‘बसत’ नाही. ती पहिल्या दिवशी असेल तर हजार किलोमीटरनंतरही तिथेच राहते, दरम्यान नक्षी मात्र ओबडधोबड झिजते.

दुसऱ्यांदा चाक यंत्रावर चढलं तेव्हा डाव्या पुढच्या चाकात ३० ग्रॅमचा फरक दाखवला. कारण रिमच्या आतच होतं. जुनी चिकट वजनं काढलेलीच नव्हती, नवी त्यांच्या शेजारी लावली होती, आणि ती ब्रेकच्या काळ्या धुळीवर तशीच चिकटवलेली. त्यातलं एक गळून पडलेलं, तिथे फक्त गोंदाची पट्टी उरलेली दिसत होती. चिकट वजन लावण्याआधी ती जागा पुसून, स्वच्छ आणि कोरडी करायची असते. एवढी साधी गोष्ट.

बॅलन्सिंगच्या वेळी यंत्राजवळ उभं राहू द्या असं जरूर म्हणावं. तीन गोष्टी पाहायच्या. जुनी वजनं सगळी निघाली का. रिमची रुंदी, व्यास आणि यंत्रापासूनचं अंतर प्रत्येक मापाला नव्याने भरलं का, कारण आधीच्या गाडीचे आकडे राहिले तर यंत्र खुशाल चुकीचं वजन सांगतं. आणि वजन लावल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलं का. ही दुसरी फेरी घाईत हटकून वगळली जाते. बरीच यंत्रं ५ ग्रॅमच्या आतला फरक शून्य म्हणूनच दाखवतात, ते ठीक आहे. पण एका बाजूला ५०-६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त मागत असेल तर वजनांची माळ लावत बसण्याआधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पाहायला सांगावं. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकाच ठिकाणी आलेली असू शकते. काही टायरवर पिवळा ठिपका असतो, ती हलकी जागा. तो व्हॉल्व्हसमोर यावा अशी पद्धत आहे.

अलाइनमेंट

इथे फक्त ‘नंतरचा’ कागद मिळाला आणि त्यावर सगळे आकडे हिरवे होते. आधीच्या आकड्यांशिवाय या कागदाचा उपयोग थोडा. काय बिघडलं होतं, काय हलवलं, काही हलवलं तरी का, हे त्यातून कळत नाही. गाडी तरीही हलकेच उजवीकडे ओढत होती.

हिरवे आकडे असूनही गाडी ओढते, कारण प्रत्येक बाजूला परवानगीची एक मर्यादा असते आणि डावी बाजू एका टोकाला, उजवी दुसऱ्या टोकाला असली तरी दोन्ही हिरव्याच दिसतात. कॅम्बरमध्ये (समोरून पाहता चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन; वरचं टोक बाहेर असेल तर धन) डाव्या-उजव्यात साधारण अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला की गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, तिकडे कलू लागते. कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागे-पुढे कल) ज्या बाजूला कमी, तिकडे ओढ. म्हणून कागदावर रंगाऐवजी दोन्ही बाजूंमधला फरक पाहावा. टोचं (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली, त्या कोनाचं) वेगळं आहे, तो चुकला तर ओढ फारशी येत नाही, पण नक्षीच्या कडा करवतीसारख्या झिजतात. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत लागतात.

दोष टायरचा की कोनांचा, हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे आणि दुकानाने ती स्वतःहून सुचवायला हवी होती. टायर एकाच दिशेचे नसतील तर पुढची दोन चाकं आपसांत बदलायची. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरच्या घडणीत, आणि तो टायर कंपनीकडे परत जायला हवा. ओढ होती तिकडेच राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक-सस्पेन्शनकडे पाहायचं. इथे ओढ तशीच राहिली, म्हणजे दोष टायरचा नव्हता.

दुसऱ्या वेळी कारण सापडलं: टायरमध्ये ४० पीएसआय हवा होती. कड बसवताना भरलेली तशीच राहिली होती, फक्त एका टायरमध्ये पाच कमी. असमान दाबावर मोजलेले कोन भरवशाचे नसतात, आणि कमी दाबाचं चाक गाडीला स्वतःकडे ओढतंच. दाब आधी, अलाइनमेंट नंतर, हा क्रम कधीही उलटा होऊ नये. दाब किती, तर दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला, टायर थंड असताना. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा आकडा समजून दुकानं हवा ठासतात तेव्हा नक्षीचा मधला पट्टा आधी झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

नायट्रोजनचा आग्रह मात्र जोरात झाला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. सिलिंडरच्या कोरड्या नायट्रोजनने ओलावा कमी राहतो आणि दाब थोडा सावकाश उतरतो, एवढाच फायदा. ज्यांना महिन्यातून एकदा दाब तपासायची सवय आहे त्यांना तो विकत घ्यायची गरज नाही.

तक्रार कशी मार्गी लागली

‘तुमची सेवा वाईट आहे’ या वाक्यावर काउंटरवरचा माणूस वाद घालतो. ‘९० ला स्टिअरिंग थरथरतं, ११० च्या पुढे कमी होतं, ब्रेकशी संबंध नाही, चाक पुन्हा यंत्रावर चढवून मला आकडा दाखवा’ या वाक्यावर वाद घालायला जागा उरत नाही. काउंटरवर दाद मिळाली नाही. मॅनेजरला हेच सांगितल्यावर दहा मिनिटांत गाडी आत गेली. मॅनेजर शांत होता, त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली आणि दुसऱ्या फेरीचे पैसे मागितले नाहीत. दुसरा तारा त्याचा.

तक्रार जितकी लवकर तितकी बरी. पहिल्या १०० किलोमीटरच्या आत गेलात तर ‘खड्ड्यात आपटली असेल’ हे उत्तर टिकत नाही. लेखी द्यायची असेल तर तारीख, किलोमीटरचा आकडा, कोणत्या वेगाला काय होतं आणि काय करून हवं आहे, एवढंच चार ओळींत लिहावं. जुन्या बिलाचा, जॉबकार्डचा आणि अलाइनमेंटच्या कागदाचा फोटो सोबत जोडावा. न लावलेल्या व्हॉल्व्हसारख्या गोष्टीत दुरुस्तीबरोबर बिलही सुधारून मागावं. इथे दोन व्हॉल्व्ह लावून देतो म्हणाले, पण त्यासाठी टायर पुन्हा सोडवावे लागले आणि त्या दोन चाकांचं बॅलन्सिंग परत करावं लागलं. बॅलन्सिंग न करताच ते चाकं चढवायला निघाले होते. टायरची कड एकदा सुटली की बॅलन्सिंग नव्याने करायचं, याला अपवाद नाही.

५० ते १०० किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क पुन्हा तपासायला या, हेही कोणी सांगितलं नाही. बहुतेक ठिकाणी हे काम फुकट होतं आणि दोन मिनिटांचं असतं.

वॉरंटीचं कार्ड दिलं, पण बिलावर फक्त ‘टायर, ४ नग’ एवढंच. घडणीतला दोष पुढे निघाला तर कंपनी टायरचा क्रमांक विचारते आणि उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई ठरवते. बाजूला आलेला फुगा बहुतेक वेळा आघाताचा मानला जातो आणि नाकारला जातो, म्हणून टायर घेतानाच्या निर्दोष बाजूंचे फोटोही ठेवावेत. चारही टायरचे डीओटी क्रमांक बिलावर हाताने लिहून, शेजारी कोणता टायर कोणत्या चाकावर ते टाकून, त्याखाली दुकानाचा शिक्का घ्यावा. इथे तो मागितल्यावर मिळाला.